फोन माझ्या हातात होता

माझा एक लेख तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. आमच्या गावच्या पतसंस्थेच्या दिवाळी अंकात आला होता. ट्रकच्या अपघातात खुबा मोडल्यावर सत्तरी उलटलेला माणूस पुन्हा चालायला कसा लागला, अशी ती हकीकत. लोकांना आवडली. शिरूरच्या बाजारात अनोळखी माणसं थांबवून सांगायची, "आबा, तुमचं वाचून आमच्या आईनं वॉकर हातात घेतला." मी मान हलवून पुढे जायचो.

त्या लेखातलं दुखण्याचं सगळं खरं आहे. अपघाताचं जे लिहिलं ते खोटं आहे. मी दूध संस्थेत सचिव म्हणून नोकरी केली, कागदावर चुकीचं लिहिलं की पुढे काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं. म्हणून आता पुन्हा लिहितो. हाड मोडून पडलेल्याला कामाला येईल असं काही यातही सापडेल, पण आधी लपवलेलं सांगतो.

पाखऱ्याची बारी

आमचा एक शर्यतीचा बैल होता, पाखऱ्या. बैलगाड्याचा नाद आमच्या घरात माझ्या वडिलांपासून. शर्यतींवर बंदी होती ती वर्षं आम्ही बैल दावणीला बांधून काढली, पण नाद सुटला नाही. पाखऱ्यात एक खोड होती, निदान घरातल्यांची तशी समजूत होती. मी घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, उभा असलो की तो बिथरायचा. दोन यात्रांत तसं झालं. तेव्हा माझा मुलगा विकास मला सरळ म्हणाला, "आबा, राग मानू नका, पन तुम्ही घाटात येऊच नका. लोक हसत्यात."

मी राग मानला, पण गेलो नाही. त्या दिवशी यात्रेला गाडा पळणार होता आणि मी मुद्दाम लांबचं काम काढलं. राहू गावच्या एका शेतकऱ्याकडून गुरांसाठी मुरघासाच्या गोण्या आणायच्या होत्या. ट्रक माझ्या भाच्याचा, संपतचा. संपत म्हणजे माझी धाकटी बहीण सिंधू हिचा एकुलता एक. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. तो आमच्याकडे वाढला, माझ्याच खांद्यावर बसून घाट बघायला शिकला. ट्रकही मीच जामीन राहून घेऊन दिलेला.

गोण्या भरून आम्ही परत निघालो. भीमेचा पूल ओलांडला, न्हावऱ्याच्या दिशेला लागलो. यात्रेचं थेट प्रक्षेपण मोबाईलवर चालू होतं. फोन माझा, माझ्याच हातात. संपतचा फोन त्याच्या खिशात होता. तो मला एकदा म्हणाला, "मामा, आवाज बारीक करा जरा." मी केला नाही.

मग निवेदकानं आमच्या गाड्याचं नाव पुकारलं. बैलांपुढे पळणारी घोडी निघाली, झेंडा हलला आणि मी ओरडलो, "संपत, आपला गाडा! बघ, बघ की!"

"मामा, वळण हाय."

"आरं बारी संपंल तवर! बघ!"

आणि मी फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला. स्टिअरिंगच्या वर, काचेच्या आड येईल असा. बैलगाड्याची बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-बारा सेकंदांत आटोपते. तेवढ्यात काय होणार आहे, असं वाटलं. खरं तर वाटलंही नाही. मला त्याच्याबरोबर बघायचं होतं, एवढंच.

त्यानं बघितलं. ट्रक उजवीकडे सरकला. समोरून मोटरसायकल येत होती, तिला धक्का बसला. संपतनं गचकन डावीकडे ओढलं आणि आम्ही रस्ता सोडून बाभळीवर गेलो. झाड माझ्या बाजूनं आत आलं.

लोक धावत आले तेव्हा केबिनमधून निवेदकाचा आवाज अजून येत होता. पुढच्या गाड्याचं नाव पुकारत होता. म्हणून सगळ्यांना कळलं की आत मोबाईलवर शर्यत चालू होती. फोन कुणाच्या हातात होता ते कुणी पाहिलं नव्हतं.

निदान

शिरूरच्या दवाखान्यात मला शुद्ध होती. वेदना नव्हती, हे ऐकून कुणाला खोटं वाटेल. कमरेखाली नुसता जडपणा होता. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि माझ्याकडे न बघता विकासला म्हणाले, "खुबा मोडलाय, मांडीचं हाड दोन ठिकाणी. रॉड घालावा लागेल. पाय थोडा आखूड होईल."

मी विचारलं, "चालता येईल का?"

"वय बघता... प्रयत्न करू."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, 'प्रयत्न करू' हे ऐकून घाबरू नका. डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात. मला मात्र त्या क्षणी पायाची भीती वाटलीच नाही. मला भीती वाटत होती ती संपत काय सांगतो याची.

विकास वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "तुमचा फोन एका मानसानं माझ्याकडं दिलाय. काच फुटलीय. मी घरी ठेवलाय. तुम्ही काय बोलू नका." त्याला सगळं कळलं होतं. त्यानंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही, आणि बापलेकांमध्ये जे मोकळं बोलणं होतं तेही त्या दिवसापासून संपलं.

शस्त्रक्रिया झाल्यावर पोलीस जबाब घ्यायला आले. हवालदार ओळखीतले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आबा, भाच्यानं कबूल केलंय. लक्ष मोबाईलवर होतं म्हणतोय. फोन माझाच, म्हणतोय. बरोबर हाय का?"

संपतनं माझं नाव घेतलं नव्हतं. मला त्या वेळी फक्त एवढंच म्हणायचं होतं की फोन माझा. दोन शब्द.

मी म्हणालो, "व्हय."

"तुम्ही शेजारी होता. त्याला अडवलं न्हाई?"

यावर काही न बोलणंही चाललं असतं. मी म्हणालो, "दोनदा सांगितलं. ऐकलं न्हाई."

हवालदारांनी ते लिहून घेतलं. मी अंगठ्याजवळची सलाइनची सुई सांभाळत सही केली.

शेजारची खाट

माझ्या शेजारच्या खाटेवर शांतवन साळवे होते. मोटरसायकलवर होते ते हेच. वय चाळिशीच्या आसपास, वायरमन. शिरूरला काम आणि घर दौंडला, रेल्वेच्या वस्तीजवळ. त्या दिवशी ते घरी निघाले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता.

एकाच ट्रकनं ठोकलेले दोघं, असं दवाखान्यात आम्हाला म्हणायचे. शांतवन मला आपल्यातला मानायचे. पट्टी बदलून झाली की दात आवळून हसायचे आणि म्हणायचे, "आबा, आपल्या दोघांत मिळून पाय किती? अडीच धरा. एका सायकलीचं काम भागलं."

त्यांची बायको रूथबाई रोज दौंडहून एसटीनं यायची. डब्यात मऊ भात, कधी रव्याची खीर. नवऱ्याला भरवायची आणि उरलेलं माझ्या ताटलीत. मी नको म्हटलं की फटकारायची.

"ओ काका, नखरं करू नका. तुमच्या घरच्यांना यायला दुपार व्हती. उपाशीपोटी गोळ्या घेऊन आतडी जाळायचीत का?"

"तुम्हाला कशाला त्रास?"

"मला त्रास त्या ड्रायव्हरचा हाय, तुमचा न्हाई. मेल्याला मोबाईल बघायचा व्हता! माझ्या नवऱ्याचा पाय त्या मोबाईलात गेला."

आणि मी म्हणालो, "आताची पोरंच तसली. किती सांगा, ऐकत न्हाईत."

हे मी एकदा नाही म्हणालो. रोज म्हणायचो. ती संपतला शिव्या घालायची आणि मी तिच्या वरचढ घालायचो. जितक्या जोरात घालायचो तितकं तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं, आणि डबा घेऊन ती गेली की मी चादर डोक्यावरून ओढून घ्यायचो.

दवाखान्यातला दिवस कसा असतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे ओल्या फडक्यानं अंग पुसतात. मग बेडपॅन. लाज वाटायची ती पहिल्या दोन-चार दिवसांत संपते, संपू द्या. मावशीनं हाताखाली धरून कुशीवर वळवलं की जीव जातो असं वाटतं, पण वळा. मी कंटाळा केला म्हणून पाठीला जखम झाली आणि ती पायापेक्षा जास्त छळली. दुपारी भेटीची वेळ. संध्याकाळी डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळा वॉर्ड शाळेतल्यासारखा नीट होतो. फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, त्या माझ्या नातीच्या वयाच्या. म्हणायच्या, "आबा, घोटा हलवा. वर, खाली. झोपला काय?" त्यांनी मला रडवलं आणि त्यांनीच उभं केलं.

रविवारी रूथबाई खाटेशी उभी राहून मोठ्यानं प्रार्थना करायची. एकदा तिनं नवऱ्यासाठी मागून झाल्यावर माझ्याकडे हात केला. "आणि प्रभू, या काकांना बरं कर. यांचा काही दोष नसताना यांना भोगावं लागतंय." शांतवन 'आमेन' म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं. मलाही काहीतरी म्हणायला हवं होतं. मीही म्हणालो, "आमेन."

सिंधू

सिंधू उशिरा आली. तिची हिंमत होत नव्हती, असं ती नंतर म्हणाली. पदर तोंडावर धरून वॉर्डात शिरली, माझ्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. खुर्ची होती, बसली नाही.

"दादा, माझ्या पोरानं तुझा पाय घालवला."

माझी बायको तारा तिला उठवायला लागली. ती उठेना. "ज्यानं अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्याच जिवावर उठला. तू सांगूनसुदीक ऐकलं न्हाई त्यानं. मी त्याच्याशी बोलत न्हाई आता. भाकरी ताटात टाकते, बोलत न्हाई."

शेजारून रूथबाई बघत होती. शांतवन बघत होते. माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, "जाऊ दे."

काय जाऊ दे? कुणाचं जाऊ दे? सगळ्या आजारपणात मी बोललेला सर्वांत वाईट शब्द तो आहे. पोलिसांपुढचं खोटं भीतीनं बोललो, असं म्हणता येईल. हे मी मोठेपणा घेत बोललो. मी तिला क्षमा केली. तिनं माझ्या पावलांवर डोकं टेकलं.

वकीलबाई

घरी आल्यावर विकासनं शिरूरच्या एका वकीलबाईंना घरी आणलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. अपघातात जखमी झालेल्यांना नुकसानभरपाईचा दावा करता येतो. शांतवनना ट्रकच्या विम्यातून मिळेल. आणि मी माझ्या मालाबरोबर, मालाचा मालक म्हणून गाडीत होतो, त्यामुळे माझाही दावा बसू शकतो. डिस्चार्जचा कागद, बिलं, एक्स-रे, पंचनाम्याची प्रत, सगळं जपून ठेवा असं म्हणाल्या. दवाखान्याच्या दारात 'लगेच मिटवून देतो' म्हणणारी माणसं फिरतात, त्यांच्या कोऱ्या कागदावर सही करू नका असंही म्हणाल्या. हे सगळं बरोबर आहे, वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना कोर्टातून मोफत मदतही मिळते.

मग त्यांनी माझा जबाब वाचला. "'दोनदा सांगूनही ऐकलं नाही.' हे वाक्य फार चांगलं आहे, आबा. हे धरून ठेवा. तुमची बाजू यानंच भक्कम होते."

"आन् संपतची?"

"त्याची त्यानं पडते. पण तुम्ही तुमचं बघा."

विकास जमिनीकडे बघत होता. मी दाव्याचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

शाळा

मी वॉकरवरून काठीवर आलो. लेख छापून आला. गावात माझं नाव झालं. शाल आणि नारळ झाला. गावच्या शाळेनं रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाला मला बोलावलं.

मी बोललो. चांगलं बोललो. गाडी चालवताना मोबाईल बघणं म्हणजे काय, शेजारच्या म्हाताऱ्याचं न ऐकणं म्हणजे काय, ते रंगवून सांगितलं. शेवटी एक उत्साही शिक्षक उठले आणि म्हणाले, "ज्यांच्या घरात कुणी गाडी चालवताना मोबाईल बघतं त्यांनी हात वर करा. घाबरू नका. आपण त्यांना घरी जाऊन सांगायचं आहे."

मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. चार-पाच हात इकडेतिकडे वर झाले. सातवीच्या रांगेत संपतची मुलगी बसली होती, गौरी. तिच्या शेजारच्या दोघी तिच्याकडे वळून बघत होत्या. तिनं सरळ समोर बघत हात वर केला. तो हात तिनं बराच वेळ खाली घेतला नाही. शिक्षक म्हणाले, "शाब्बास."

मला घरी सोडायला कुणाची तरी गाडी आली. ताराला वाटलं पाय दुखतोय. तिनं तेल गरम करून आणलं. मी तिला म्हणालो, "फोन माझ्या हातात व्हता."

तेल चोळतच ती म्हणाली, "मला ठाव हाय."

"कुनी सांगितलं? विकासनं?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? पाखऱ्या पळताना तुम्ही फोन दुसऱ्याच्या हातात दिला असता व्हय?"

संपत

त्याचा परवाना रोखला गेला होता. ट्रक उभा होता. तो बाजार समितीच्या आवारात गोण्या उचलायला जात होता. मी रिक्षानं तिथं गेलो. तो हमालांच्या पारावर चहा पीत होता. मला बघून उठला, माझ्या हाताला धरून बसवलं. दुसरा चहा सांगितला.

"संपत, मी पोलिसांना खरं सांगनार हाय."

"आता कशाला, मामा?"

"तू माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"मान माझीच वळली ना. तुम्ही फोन धरला, व्हय. पन मी वळान बघायचं सोडून गाडा बघितला. ड्रायव्हर मी." मग कप खाली ठेवून म्हणाला, "फक्त ते दोनदा सांगितलं म्हनालात, ते वाचून दाखवलं मला ठाण्यात. ते... तेवढं वाईट वाटलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. "माफीचं राहू द्या. आईला कोन सांगनार ते बोला. मी न्हाई सांगनार. ती माझ्याशी बोलत न्हाई, मी तिला काय सांगू?"

ठाणं आणि कोर्ट

वकीलबाईंनी सगळं ऐकून पेन टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. वकिलापासून लपवायचं नसतं, आबा."

"चुकलं."

"तुमचा दावा यानंतर टिकणं अवघड आहे. खोटा जबाब दिला हे तुम्ही स्वतः कबूल करताय, त्याचाही त्रास होऊ शकतो. आणि संपत यातून सुटणार नाही, हे समजून घ्या. गाडी तोच चालवत होता. फार तर 'बजावूनही ऐकलं नाही' एवढं त्याच्यावरचं उतरेल."

"तेवढं उतरू द्या."

"शांतवनच्या भरपाईवर याचा परिणाम होणार नाही. ते मी बघते." मग जरा नरम होऊन म्हणाल्या, "दावा मागे घ्यायचा?"

मी हो म्हणालो. विकास आठ-पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. दवाखान्याचा सगळा भार त्यानंच ओढला होता, त्याचा राग रास्त होता.

ठाण्यात तेच हवालदार. म्हणाले, "आबा, झाकलं गेलंय ते कशाला उकरताय? ह्या वयात?" मी पुन्हा जबाब दिला. पुढे कोर्टात साक्षीला उभा राहिलो. सरकारी वकिलांनी आवाज चढवून विचारलं, "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

"तवा."

"कशासाठी?"

मी उत्तर पाठ करून गेलो होतो. वय, भीती, भूल उतरली नव्हती, असलं काहीतरी. तोंडातून निघालं, "लोक मला काय म्हनतील म्हणून."

न्यायाधीश साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. संपतवरचा खटला अजून चालू आहे. काय होईल मला माहीत नाही.

दौंड

शांतवनच्या घरी एसटीनं गेलो. ते कृत्रिम पाय लावून दारापर्यंत आले. "आबा! अडीचाचे आता तीन झाले बघा!" रूथबाईनं पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता सांगितलं. सगळं, फोन कसा धरला तेही हातानं दाखवलं.

शांतवन आपल्या पायाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळत बसले.

रूथबाई म्हणाली, "काका, आम्ही त्याला शिव्या घालायचो तवा तुम्ही आमच्यापेक्षा जास्त घालायचा."

"व्हय."

"आन् मी म्हनलं यांचा काही दोष न्हाई, तवा आमेन म्हनालात."

"म्हनालो."

"मला फसवलंत ते एक येळ जाऊ द्या. त्याला पन फसवायला बघितलं?" तिनं छताकडे बोट केलं. मला वाटलं ती आता बाहेर जा म्हणेल. ती म्हणाली, "पानी प्या. लांबून आलाय. पन आज जेवा म्हननार न्हाई मी." मी पाणी प्यायलो. निघताना शांतवन एवढंच म्हणाले, "त्या पोराला एकदा घेऊन या. त्याला बघायचंय मला." संपत जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.

शेवटचं

सिंधूला सांगायचं राहिलं होतं. मी ते सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात जड होतं. तिच्या ओट्यावर बसून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडायची थांबली.

"दादा, मी तुझ्या पायाशी बसले व्हते."

"व्हय."

"तू म्हनलास, जाऊ दे."

"व्हय."

"मी पोराशी बोलले न्हाई. सनासुदीला त्याच्या ताटात पुरनपोळी वाढली आन् तोंड फिरवून बसले. गौरी म्हनायची, आजी, पप्पाशी बोल ना. मी न्हाई बोलले. तुझ्यापायी." तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. आतून तिनं संपतला हाक मारली. मी उठून काठी घेतली आणि निघालो. मागे वळून बघायची मला हिंमत नव्हती.

त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. या भाऊबीजेलाही आली नाही. मी तक्रार करत नाही. ताराशी तिचं फोनवर बोलणं होतं, तेवढं पुष्कळ आहे.

पाय आता बरा आहे. पायऱ्या चढता येतात, खाली मांडी घालता येत नाही. पाखऱ्याला आम्ही नंतर पळवला नाही. ट्रकमध्ये, जीपमध्ये, मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी जे बसतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आपल्या हातातला फोन आपल्यापुरता ठेवा. आणि जे घडलं ते पोलीस आणि वकील पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगा. नंतर सांगायला फार जोर लागतो.

आधीचा लेख छापला होता त्याच पतसंस्थेच्या पुढच्या दिवाळी अंकासाठी हे पाठवतो आहे. छापतील न छापतील. एक प्रत मी सिंधूकडे पाठवणार आहे. तिला वाचता येत नाही. गौरी वाचून दाखवील, तीच घरात सगळं वाचून दाखवते. म्हणून हे शेवटचं तिच्यासाठी.

गौरी, इथपर्यंत वाचलंस तर आजीसाठी वाचायचं आता थांब आणि हे तुझ्यापुरतं वाच. त्या दिवशी शाळेत सगळ्या मुलांपुढे तू हात वर केलास. तुझ्या बापाची मान वळली, पण ती मी वळवली. आणि त्यानं एकदा नाही, दोनदा मला थांबवायला बघितलं. आवाज कमी करा म्हणाला. वळण आहे म्हणाला. दोनदा सांगूनही ऐकलं नाही, ते मी.